एका तारेवरून अख्खं भजनी मंडळ: देवळाली प्रवरातला नेटवर्क ऑडिओ

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात जे आलं ते बहुतेक तसंच ठेवलंय. फक्त मधले "हं" आणि "म्हणजे ना" कमी केलेत.)

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागाला ते लागतीलच.

गेले काही दिवस तुमच्याकडून दोन प्रश्न सारखे येतायत. पहिला: "दादा, माझ्याकडे दोन माइकचा यूएसबी इंटरफेस आहे. आता दहा-बारा माइक एकदम लावायचेत. काय घेऊ?" दुसरा: "नेटवर्क ऑडिओ म्हणजे काय? वाय-फायवरून रेकॉर्डिंग करायचं का?" दोन्हीची उत्तरं आज एकाच कामातून देतो. हे काम आम्ही इथं देवळाली प्रवरात केलं.

आधी एक खुलासा, कारण बाहेरच्यांचा गोंधळ होतो. नाशिकची देवळाली कॅम्प वेगळी, तिथं लष्कराचं तोफखान्याचं केंद्र. आमची देवळाली राहुरी तालुक्यातली, अहिल्यानगर जिल्ह्यातली. शेजारी राहुरी फॅक्टरी, आजूबाजूला ऊस. सीझन चालू झाला की रात्रभर ट्रॅक्टर जातात, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर असा डेक असतो की खिडकीच्या काचा नाचतात. स्टुडिओसाठी जागा म्हणून कुणी आमचं गाव निवडणार नाही. पण माणसं इथंच राहतात, गातातही इथंच.

आता कामाकडे.

आमचा स्टुडिओ म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली. भिंतींना रॉकवूलचे पॅनल, एक कॉम्प्युटर, दोन मॉनिटर स्पीकर, दोन इनपुटचा इंटरफेस. हळदीची गाणी, निवडणुकीतली प्रचाराची गाणी, यूट्यूबवरच्या कीर्तनांची साफसफाई, थोडं डबिंग. सगळं एकेक करून. आधी ट्रॅक, मग गायक, मग कोरस. हे असं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

मग पंचक्रोशीतलं एक जुनं भजनी मंडळ आलं. त्यांचे बुवा ७५ च्या पुढचे. त्यांच्याकडे वडिलांकडून आलेल्या चाली आहेत, कुठंही लिहिलेल्या नाहीत, आणि त्यातल्या काही आता फक्त त्यांनाच येतात. मागच्या वर्षी त्यांचा आवाज दोन महिने बसला होता. तेव्हापासून मंडळातल्या तरुण पोरांनी धोशा लावला: बुवा गातायत तोवर हे नीट उतरवून घ्या. मोबाइलवर नको, नीट.

आमच्या जिल्ह्याला हे उतरवून घेणं नवीन नाही बरं का. याच प्रवरेच्या काठी नेवासं आहे. तिथं ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. बोलणारा एक, उतरवणारा दुसरा. मी गमतीनं म्हणतो, जिल्ह्यातलं पहिलं मोठं रेकॉर्डिंग ते. आणि रेकॉर्डिस्टचं काम तेव्हापासून तेच आहे: सांगणाऱ्याच्या मध्ये न येणं.

पण भजनी मंडळ एकेक करून रेकॉर्ड होत नाही. क्लिक ट्रॅक लावून बुवांना "याच्यावर म्हणा" असं सांगता येत नाही. चाल संथ सुरू होते, हळूहळू लय चढते, शेवटी गजर. ही लय कधी चढवायची ते बुवांच्या हाताकडे बघून पखवाजी ठरवतो, आणि पखवाजाकडे कान लावून टाळकरी. एकाला वेगळ्या खोलीत बसवलं की सगळंच मोडतं. म्हणजे सगळे एकत्र, एका वेळी, एकमेकांना बघत.

मी कागदावर माइक मोजले. पखवाजाला दोन, शाई आणि धूम दोन्हीकडे. पेटीला दोन. बुवांना एक, दुसऱ्या गायकाला एक. मागून धरणाऱ्यांना दोन. टाळांना एक, वीणेला एक. आणि खोलीचा एकत्रित आवाज धरायला लांबून दोन. झाले बारा. आणि माणसं चौदा. आमच्या वरच्या खोलीत चौदा माणसं बसली तर टाळ वाजवायला कोपर हलणार नाही.

जागा होती. अंगणापलीकडे एक रिकामा गाळा, पूर्वीचं धान्याचं गोदाम. जाड भिंती, छप्पर उंच, आत सतरंज्या टाकल्या की आवाज छान बसतो. अडचण एकच: गाळा आणि वरची कंट्रोल रूम यांच्यात तारेच्या रस्त्यानं मोजलं तर ४० मीटर.

मग लॅपटॉपच गाळ्यात का नाही नेला?

हा प्रश्न तुम्ही विचारणार हे मला माहीत आहे, आणि तो बरोबर आहे. सगळ्यात स्वस्त उत्तर तेच. मोठा इंटरफेस घ्या, लॅपटॉप शेजारी ठेवा, यूएसबीची केबल लावा, संपलं. तुमच्यापैकी दहातल्या आठ जणांनी हेच करावं.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, साध्या यूएसबी २ केबलची मर्यादा साधारण ५ मीटर. म्हणजे लॅपटॉप आणि त्याचा पंखा गायकांपासून पाच मीटरच्या आत. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची: रेकॉर्डिंग करणारा माणूस जर पखवाजाच्या खोलीतच बसला, तर त्याला माइकमधून काय जातंय ते कळतच नाही. हेडफोन कितीही दाबून धरा, पखवाजाचा धूम छातीतून ऐकू येतो. माइक दोन इंच सरकवल्यावर काय बदललं हे कळायला वेगळी खोली लागते.

दुसरा पर्याय होता जाड मल्टीकोर केबल, जुन्या साउंडवाल्यांकडं असते ती. चालली असती. पण ४० मीटर अ‍ॅनालॉग केबल, शेजारून विजेची वायर, आणि परिसरात पाण्याच्या मोटारी चालू-बंद होणार. माइकचा सिग्नल असतो मिलिव्होल्टमध्ये. त्याच्यावर ५० हर्ट्झची गुणगुण आणि मोटारीचा "टक्" बसायला वेळ लागत नाही. आणि दोन इमारतींची अर्थिंग वेगवेगळी असली की गुणगुण हमखास.

म्हणून तिसरा पर्याय: आवाज गाळ्यातच डिजिटल करायचा आणि नेटवर्कवरून वर पाठवायचा.

नेटवर्क ऑडिओ म्हणजे काय, दोन मिनिटांत

तुमच्या शाळेत किंवा सायबर कॅफेत कॉम्प्युटर जोडायला जी तार असते, टोकाला प्लास्टिकचा कनेक्टर, तीच तार. त्यातून फाइलऐवजी आवाज जातो, लहान लहान पाकिटं करून. कल्पना जुनी आहे. कोब्रानेट नावाची पद्धत १९९६ मध्येच आली होती. आज सगळ्यात जास्त दिसते ती डान्टे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीची ऑडिनेट नावाची कंपनी, २००६ ची, तिनं ती काढली. याशिवाय रॅव्हेना आहे, एव्हीबी आहे, आणि वेगवेगळ्या पद्धतींना एकमेकांशी बोलता यावं म्हणून २०१३ मध्ये एईएस ६७ हे मानक आलं. आम्ही डान्टे घेतलं. कारण साधं: आमच्या भागातल्या साउंडवाल्यांकडे तेच आहे, अडलं तर विचारायला माणूस मिळतो.

आता हिशोब करू. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा. गुणाकार केला तर एका चॅनेलला १.१५२ मेगाबिट प्रतिसेकंद. वर पाकिटांचं वेष्टन धरून दीड मेगाबिट समजा. बारा माइक म्हणजे १८ मेगाबिट. गिगाबिटची तार १,००० मेगाबिटची. म्हणजे आख्खं भजनी मंडळ त्या तारेच्या दोन टक्के जागेत मावतं.

मग अडचण कुठं येते? जागेत येत नाही, वेळेत येते. फाइल डाउनलोड होताना एखादं पाकीट उशिरा आलं तर कुणाला कळत नाही. आवाजात पाकीट उशिरा आलं की "टिक्" ऐकू येतं. म्हणून नेटवर्क ऑडिओत सगळा खेळ घड्याळाचा आहे.

दिंडी बघितलीय ना? पन्नास टाळकरी आहेत, पण प्रत्येक जण मनातल्या मनात वेगळी लय मोजत नाही. सगळ्यांचे पाय मृदंगाच्या ठेक्यावर. डान्टेत तसंच. जोडलेल्या उपकरणांपैकी एक जण घड्याळ होतो, त्याला लीडर म्हणतात. बाकी सगळे त्याच्या मागे चालतात, आणि हे जुळणं मायक्रोसेकंदाच्याही आतलं असतं. लीडर बंद पडला तर दुसरा आपोआप उभा राहतो. तुम्ही एवढंच बघायचं की मृदंग एकच आहे.

आणि हो, वाय-फायवर हे चालत नाही. वाय-फायमध्ये वेळेची हमीच नाही. मोबाइलवरून मिक्सर कंट्रोल करायला वाय-फाय चालेल, पण आवाज तारेनंच.

सामान काय लागलं

एक. एका साउंडवाल्याकडून वापरलेला बेहरिंगर एक्स ३२ मिक्सर घेतला. हा २०१२ पासून बाजारात आहे, लग्नाच्या मांडवापासून नाट्यगृहापर्यंत सगळीकडे दिसतो. आत ३२ माइक प्रीअँप. त्याच्या मागच्या खाचेत डान्टेचं कार्ड बसवलं, ३२ चॅनेल जाणारे, ३२ येणारे. झाला आमचा नेटवर्क इंटरफेस. तुम्ही याच कामासाठी बनवलेला बॉक्सही घेऊ शकता, फोकसराइटची रेडनेट मालिका वगैरे. आम्हाला मिक्सर परवडला, आणि तो कार्यक्रमांना भाड्यानं देता येतो. हप्ता भरायचा आहे ना.

दोन. दोन गिगाबिट स्विच, मॅनेज्ड, म्हणजे ज्यांची सेटिंग आत जाऊन बदलता येतात. एक गाळ्यात, एक वर.

तीन. दोघांच्या मध्ये फायबर. चांगली कॅट ६ तार १०० मीटरपर्यंत चालते, मग ४० मीटरला फायबर कशाला? कारण तार दोन इमारतींच्या मध्ये उघड्यावरून जाते. मे महिन्यात वळवाच्या पावसात इथं विजा काय पडतात ते विचारू नका. तांब्याची तार म्हणजे विजेला आमंत्रण, आणि शेवटी जळणार मिक्सर. फायबर काचेची, तिच्यातून करंट जात नाही. वेगळ्या अर्थिंगचा प्रश्नही मिटला. आणि फायबर जोडणारा माणूस शोधायला पुण्याला जावं लागत नाही. गावोगाव ब्रॉडबँड आलंय, इंटरनेटवाल्या पोराकडे जोडणीचं मशीन असतं. त्यानं अर्ध्या तासात काम केलं आणि शेवटी विचारलं, "दादा, यातून इंटरनेट कुठं जाणार?" म्हटलं, यातून हरिपाठ जाणार.

चार. वरच्या कॉम्प्युटरवर डान्टे व्हर्च्युअल साउंडकार्ड नावाचं सॉफ्टवेअर. याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. कॉम्प्युटरला वाटतं आपल्याला मोठा इंटरफेस जोडलाय, आणि खरं तर जोडलेली असते फक्त नेटवर्कची तार. सोबत डान्टे कंट्रोलर, हे फुकट आहे.

पाच. मॉनिटर स्पीकरसाठी दोन आउटपुटचा छोटा डान्टे अडॅप्टर. तो तारेतूनच वीज घेतो, म्हणून वरचा स्विच पीओईवाला.

सहा. यूपीएस. मिक्सरला, कॉम्प्युटरला आणि दोन्ही स्विचना. स्विचला यूपीएस लावायचा राहून जातो बघा. लाइट गेली, मिक्सर चालू, कॉम्प्युटर चालू, आणि मधला एवढासा स्विच बंद. सगळं चालू असून आवाज शून्य.

जोडणी, पायरीपायरीनं

पहिली पायरी: नावं द्या. डान्टे कंट्रोलर उघडला की उपकरणं दिसतात. त्यांना ओळखता येतील अशी नावं द्या: गाळा, कंट्रोल, स्पीकर. नावं इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली छोटी रेघ एवढ्यातच चालतात. चॅनेलनाही नावं द्या, पखवाज-शाई, पखवाज-धूम, बुवा. हे आधीच करा, कारण जोडण्या नावानं लक्षात ठेवल्या जातात. नंतर नाव बदललं की जोडणी तुटते.

दुसरी: सगळीकडे एकच सॅम्पल रेट. आम्ही ४८ ठेवला. एक ४४.१ वर आणि दुसरा ४८ वर असेल तर दोघं एकमेकांशी बोलणारच नाहीत.

तिसरी: घड्याळ. मिक्सरच्या सेटिंगमध्ये सिंक "कार्ड" वर ठेवलं, आणि डान्टे कंट्रोलरमध्ये त्या कार्डाला लीडर म्हणून पसंती दिली. मृदंग ठरला.

चौथी: आयपी पत्ते. छोट्या, स्वतंत्र नेटवर्कवर काहीच करायचं नाही. उपकरणं स्वतःहून १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेतात. ते बघून "नेट नाही" म्हणून घाबरू नका, ते बरोबर आहे. फक्त ऑडिओचं नेटवर्क आणि घरचं इंटरनेट वेगळं ठेवा. कॉम्प्युटरला वाय-फायही असेल तर साउंडकार्ड सॉफ्टवेअरमध्ये तारेचं नेटवर्क निवडलंय ना ते बघा. आणि फायरवॉलनं अडवलं तर परवानगी द्या.

पाचवी: जोडण्या. कंट्रोलरमध्ये चौकडीचा तक्ता दिसतो. वर पाठवणारे, डावीकडे घेणारे. जिथं दोघं मिळतात त्या चौकटीत क्लिक केलं की हिरवी खूण. पेरणीच्या ओळीसारखी बारा खुणांची तिरकी रेघ तयार झाली, की बारा माइक वर पोचले.

सहावी: लॅटन्सी. कार्डाला एक मिलिसेकंद ठेवला. कॉम्प्युटरच्या व्हर्च्युअल साउंडकार्डला ४, ६ किंवा १० असे पर्याय असतात. कॉम्प्युटर दणकट असेल तर चार, नाहीतर सहा. रेकॉर्डिंगला हा उशीर त्रास देत नाही.

टिक्-टिक् आणि तिचा शोध

पैसे वाचावेत म्हणून नवे स्विच आणायच्या आधी आम्ही जागेवर जे होतं त्यावर चाचणी घेतली. गाळ्यात पूर्वीच्या भाडेकरूनं सीसीटीव्हीसाठी लावलेला एक स्विच आणि तार होती. चाचणीत आवाज आला, सुंदर आला, आणि दर दोन-चार मिनिटांनी "टिक्". कधी एक, कधी तीन.

अशा वेळी अंदाजानं सॉफ्टवेअर परत परत टाकू नका. क्रमानं बघा. आधी जोडणीचा वेग. कंट्रोलरमध्ये दिसलं की गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवरच जोडणी होतेय. तार कापून बघितली तर आत तांब्याचा नुसता मुलामा आणि खाली अ‍ॅल्युमिनियम. बाजारात अशी तार "कॅट ६" म्हणून सर्रास मिळते. ओळखायची कशी? टोक चाकूनं खरवडा. आत पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम.

तार बदलली. टिक्-टिक् कमी झाली, गेली नाही. मग घड्याळाची स्थिती बघितली, तर जुळलेलं घड्याळ मधूनच सुटत होतं. कारण स्विचमधली वीजबचत. बऱ्याच स्विचमध्ये अशी सोय असते की काम कमी असलं की पोर्ट डुलकी घेतो. सीसीटीव्हीला फरक पडत नाही. पण घड्याळाची पाकिटं बारीक आणि वेळेवर जायला हवीत, तिथं ही डुलकी नडते. त्या स्विचमध्ये ती बंद करायची सोय नव्हती. म्हणून मॅनेज्ड स्विच घेतले आणि पहिलं काम हे केलं: वीजबचत बंद. दुसरं काम, प्राधान्य. डान्टेच्या पाकिटांवर नंबर असतो, घड्याळाला ५६, आवाजाला ४६. स्विचला सांगायचं की आधी ५६ सोड, मग ४६, मग बाकीचं. रुग्णवाहिकेला वाट द्यायची तसं.

नंतर रात्रभर बारा चॅनेल चालू ठेवून झोपलो. सकाळी नोंदी बघितल्या, एकही टिक् नाही. तेव्हा बुवांना निरोप पाठवला. तोवर नाही. कारण त्या वयाच्या माणसाला "बुवा, परत एकदा म्हणा, आमची तार बिघडली" असं सांगणं मला जमलं नसतं. आणि तो गजर परत तसा लागेलच याची हमी कोण देणार?

हेडफोनचं काय?

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण स्टुडिओत गायक वैतागतात ते याच्यामुळे. गायकाचा आवाज माइकमधून कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत त्याच्या हेडफोनमध्ये आला, तर नेटवर्क, सॉफ्टवेअर, बफर सगळं धरून वीस मिलिसेकंदांच्या घरात उशीर होतो. आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे वीस मिलिसेकंद म्हणजे सात मीटर लांबून ऐकल्यासारखं. स्वतःचा आवाज सात मीटर लांबून ऐकत गाऊन बघा.

म्हणून हेडफोनचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरवायचा नाही. गाळ्यातल्या मिक्सरमध्येच हेडफोनचे वेगळे मिक्स तयार केले. तिथं उशीर जेमतेम एक मिलिसेकंद. मंडळातल्या पोरांना मोबाइलवर मिक्सरचं अ‍ॅप टाकून दिलं. ज्याला पेटी जास्त हवी त्यानं आपली आपण वाढवावी. पोरं खूश.

बुवांनी हेडफोन लावला, दोन ओळी म्हटल्या आणि काढून ठेवला. म्हणाले, "पोरा, पखवाज मला पोटात ऐकू येतो. कानात घालून मी गाऊ कसा?"

मी म्हटलं, "बुवा, तुम्हाला जसं बसायची सवय आहे तसं बसा."

मग सगळ्यांनीच हेडफोन काढले. अर्धगोल करून बसले, मंदिरात बसतात तसे. माइक त्यांच्या बसण्याप्रमाणे हलवले. टाळ थोडे मागे घेतले, कारण टाळांचा आवाज सगळ्या माइकमध्ये शिरतो. एक माणूस मला हाताशी हवा होता, तो गाळ्यात माइक सरकवत होता आणि मी वरून सांगत होतो: आणखी थोडा डावीकडे, हां, तिथंच. पखवाजाच्या धूमला कणीक लावलेली असते, ती वाळत गेली की नाद बदलतो. ते मला वरच्या खोलीत स्पीकरवर लगेच कळलं. गाळ्यात बसून कळलं नसतं. नेटवर्कचे पैसे तिथं वसूल झाले.

वेळ रात्री साडेदहानंतरची ठेवली, मोटारी आणि ट्रॅक्टर त्यातल्या त्यात कमी. तरी एक आलाच, डेक फुल. बुवा थांबले नाहीत, त्यामुळे आम्हीही थांबलो नाही. त्या ठिकाणी लांबचे दोन माइक कमी केले तर जवळच्या माइकमध्ये तो जवळजवळ ऐकू येत नाही. बारा वेगळे ट्रॅक असण्याचा हा फायदा. मोबाइलवर रेकॉर्ड केलं असतं तर त्या चालीवर कायमचं डीजेचं गाणं बसलं असतं.

तीन रात्रींत अकरा चाली झाल्या. बुवांच्या वडिलांकडची एक चाल अशी निघाली की मंडळातल्या पोरांनीही ती कधी ऐकली नव्हती. तिच्यात बुवा एका जागी विसरले, थांबले, हसले आणि पुन्हा वरून धरलं. ते थांबणं आणि हसणं मी कापलेलं नाही. गाण्याच्या फाइलमध्ये नाही, पण मूळ फाइलमध्ये आहे.

फाइलींचं सांगतो. बारा ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे मिनिटाला साधारण १०४ एमबी, तासाला सव्वासहा जीबी. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती, एक मंडळाकडे, एक आमच्याकडे. आणि रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरच्या पेनड्राइव्हवर स्टिरिओ वेगळं चालू होतं, कॉम्प्युटर रुसला तर हाताशी काहीतरी असावं म्हणून.

तुम्ही घ्यावं का?

स्पष्ट सांगतो. तुम्ही एकटे पॉडकास्ट करता, रॅप करता, एका वेळी एक-दोन माइक लावता, तर अजिबात घेऊ नका. साधा यूएसबी इंटरफेस घ्या, उरलेले पैसे खोलीच्या पडद्यांवर आणि चांगल्या माइकवर घाला. आठ माइक एकाच खोलीत हवेत, तरी यूएसबी पुरतो.

खोल्या दोन असतील, अंतर पाच-दहा मीटरच्या वर असेल, माइक बरेच असतील, किंवा तुमचं मंदिर, सभागृह, स्टुडिओ एकमेकांना जोडायचं असेल, तर नेटवर्कचा विचार करा. आणि आधी हे बघा:

तार अस्सल तांब्याची आहे का. स्विच गिगाबिट आहे का, आणि त्याची वीजबचत बंद होते का. दोन इमारती असतील तर मध्ये फायबर आहे का. सॅम्पल रेट सगळीकडे एकच आहे का. लीडर एकच आहे का. स्विचला यूपीएस आहे का. आणि गायक यायच्या आधी रात्रभर चालवून बघितलंय का.

आणखी एक. डान्टेच्या बऱ्याच उपकरणांना दोन पोर्ट असतात, एक तार तुटली तर दुसरी चालू राहते. पण कॉम्प्युटरवरच्या व्हर्च्युअल साउंडकार्डला ही दुहेरी सोय नाही. त्यामुळे दुसरी तार टाकण्याचा खर्च करण्याआधी तुमचा आवाज नक्की कुठं रेकॉर्ड होतोय ते बघा.

पुण्या-मुंबईचे स्टुडिओ मोठे आहेत, राहणारच. अजय-अतुल यांनी 'सैराट'साठी वाद्यवृंद अमेरिकेत, सोनीच्या स्टेजवर जाऊन रेकॉर्ड केला, कारण त्या संगीताला ती खोली आणि ते वादक हवे होते. आमच्या बुवांच्या चालीला गोदामाचा गाळा, सतरंजी आणि समोर बसलेला त्यांचा पखवाजी हवा होता. तो मुंबईत भाड्यानं मिळत नाही.

तुमच्या गावातही अशा चाली, ओव्या, जात्यावरची, पोतराजाची, वासुदेवाची गाणी येणारी माणसं असतील. त्यांच्यासाठी बारा माइकची वाट बघू नका. आज मोबाइल आहे तर मोबाइलवर घ्या, पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दोन हात अंतरावर ठेवा. नीट रेकॉर्डिंग नंतर करता येईल, माणूस असेपर्यंत.

पुढच्या भागात पखवाज आणि ढोलकीला माइक कुठं लावायचा ते प्रत्यक्ष आवाज ऐकवून सांगतो. तुमच्या सेटअपमध्ये टिक्-टिक् येत असेल तर रेकॉर्डिंगचा तुकडा आणि स्विचचा फोटो पाठवा, बघून सांगतो.

चला, येतो. राम कृष्ण हरी!